बोलू द्या की तिला मराठीत!

गोऱ्या माणसाने मराठीत ‘नमस्कार’ म्हटलं की आपलं काय होतं, ते एकदा आठवून बघा. एकच शब्द, तोही ‘नमास्कार’ असा लांबवलेला! पण आपण विरघळतोच. टीव्हीवर एखादी परदेशी बाई नऊवारी नेसून ‘मला पुरणपोळी आवडते’ म्हणाली की सासूबाई सुनेला स्वयंपाकघरातून हाक मारून बाहेर बोलावतात, ‘अगं, ये लवकर, ही बघ किती गोड बोलतेय!’ हल्ली तर मोबाइलवर असे व्हिडीओ सारखे येत असतात. भिशीच्या ग्रुपवरून माहेरच्या ग्रुपवर, तिथून सोसायटीच्या ग्रुपवर. खाली हात जोडलेली आणि बदामाची चित्रं. ‘बघा, परदेशी लोक शिकतात आणि आपली मुलं मात्र…’ हे वाक्य ठरलेलं.

कौतुक वाटण्यात वाईट काहीच नाही. आपली भाषा कोणी मुद्दाम कष्ट करून शिकलं, तर आनंद होणारच. पण डोंबिवलीत राहून आणि लोकलने ठाणे-कल्याण करून मला एक गोष्ट सारखी दिसते. हे कौतुक आपण सगळ्यांना सारखं वाटत नाही. मराठी कसं बोललं जातंय, यापेक्षा ते कोण बोलतंय, यावर आपण ते ठरवतो. तुमच्या गावात कदाचित इतके परभाषी लोक नसतील. पण बँकेत, दवाखान्यात, बांधकामावर, मिठाईच्या दुकानात बाहेरून आलेलं कोणी ना कोणी आता सगळीकडेच आहे. म्हणून हे तुम्हालाही ओळखीचं वाटेल.

एक प्रसंग सांगते. दुपारची वेळ, कल्याणहून सुटलेली लोकल, लेडीज डबा बऱ्यापैकी रिकामा. पाठीवर मोठी सॅक घेतलेली एक परदेशी मुलगी चढली आणि समोरच्या बाईंना तिने विचारलं, ‘ठाणे किती लांब आहे?’ डबा क्षणभर गप्प. मग एकच कालवा! ‘ओ माय गॉड, यू स्पीक मराठी?’ ती म्हणाली, ‘हो, थोडं थोडं. पुण्यात शिकते. आज मी पुण्याहून आलो.’ सगळ्या हसल्या. एकीने प्रेमाने दुरुस्त केलं, ‘आलो नाही गं, आले म्हणायचं.’ त्यावर खिडकीजवळच्या बाई म्हणाल्या, ‘काय चुकलं तिचं? आमच्या कोल्हापूरकडं पोरी असंच म्हणत्यात. मी आलो, मी जेवलो.’ पुन्हा हशा. पण हा हशा आधीच्यासारखा प्रेमळ नव्हता, हे त्या बाईंच्याही लक्षात आलं असणार. कारण त्या नंतर बोलल्या नाहीत.

पुढे काय झालं? सगळ्या जणी त्या मुलीशी इंग्रजीत बोलायला लागल्या. ‘विच कंट्री? यू लाइक वडापाव? यू मॅरिड?’ ती बिचारी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मराठीत द्यायला बघत होती. वाक्य जुळवायला दोन क्षण थांबायची, तेवढ्यात दुसरा इंग्रजी प्रश्न. ठाण्याला उतरली तेव्हा तिच्या हातात चिक्की होती, पेरूच्या फोडी होत्या, दोघींचे फोन नंबर होते. पण कल्याणपासून ठाण्यापर्यंत तिला मराठीत सलग बोलायला मिळालं ते एक-दोन मिनिटंच.

त्याच डब्यात त्याच वेळी पिना-टिकल्या विकणारी एक मुलगी फिरत होती. तिचीही मातृभाषा मराठी नव्हती, हे बोलण्यावरून कळत होतं. ‘ताई, बघा ना, वीसला तीन. हा रंग तुम्हाला चांगला दिसेल.’ स्वच्छ मराठी. शाळेत किंवा क्लासला जाऊन नव्हे, याच गाडीत फिरत-फिरत शिकलेलं. तिला उत्तर मिळालं, ‘ये वाला कितने का है?’ तिने पुन्हा मराठीत सांगितलं. पुन्हा हिंदीत प्रश्न आला. यात काही वावगं आहे, असं डब्यात कोणालाच वाटलं नाही.

हे रोजचंच आहे. डोंबिवलीच्या बाजारात भाजीवाला विचारतो, ‘ताई, कोथिंबीर देऊ?’ आणि आपण म्हणतो, ‘कैसा दिया जुडी?’ तो मराठी बोलतो, आपण हिंदी, तेसुद्धा असं हिंदी की त्याच्या गावी कोणाला कळणार नाही! दवाखान्यातली केरळी सिस्टर आजींना विचारते, ‘आजी, दुखतंय का?’ आणि आजींची लेक मध्येच म्हणते, ‘सिस्टर, उनको बहोत दर्द है.’ आणि मग संध्याकाळी गप्पांमध्ये आपलाच सूर, ‘ही माणसं इतकी वर्षं इथे राहतात, पण मराठी काही शिकत नाहीत!’

आमच्या सोसायटीच्या वॉचमनची बायको नेपाळची आहे. कायद्याच्या भाषेत बोलायचं, तर परदेशी तीच. तिच्या मराठीचा व्हिडीओ कोणी काढत नाही. तिची मुलगी मराठी शाळेत जाते. मुलगी कविता पाठ करते, तेव्हा आई शेजारी बसून तेच शब्द पुटपुटते. अशी ती मराठी शिकली. मागे एकदा शाळेतली सूचना वाचून घ्यायला माझ्याकडे आली होती. पालकसभा होती. मी म्हटलं, ‘जा की, तुला तर छान येतं आता.’ ती म्हणाली, ‘नाही ताई, मी मराठी बोलली की सगळे हिंदी बोलतात. बाजूच्या बाया हसतात. मग मुलगी म्हणते, आई, तू नको येऊ.’

तिचं हे बोलणं मला विसरता येत नाही. भाषेचा प्रश्न म्हटला की आपल्याला मोर्चे आणि पाट्या आठवतात. इथे तो प्रश्न एका आईच्या आणि मुलीच्या मधे येऊन उभा राहिला होता. मुलीचं गणित कच्चं आहे की पक्कं, ती वर्गात बोलते की गप्प बसते, हे त्या आईला कोणाकडून कळणार? जी भाषा ती स्वतःहून शिकली, तीच भाषा तिला कोणी वापरू देत नाही.

आपण असं का करतो? मला वाटतं, यात दुष्टपणा फारसा नसतो. एक तर समोरच्याला त्रास नको, ही आपली सवय. पाहुण्याला अडखळताना बघवत नाही, म्हणून आपणच त्याच्या भाषेत शिरतो. दुसरं म्हणजे घाई. आठ-छप्पनची लोकल गाठायची असते, तिथे कोणाचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायला वेळ कुठे? तिसरं कारण जरा आत दडलेलं. गोरी माणसं दिसली की आपलं इंग्रजी दाखवायची संधी मिळते. आणि कष्टाची कामं करणारा, बाहेरून आलेला माणूस म्हणजे हिंदी, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. तो तोंडाने काय बोलतोय, हे ऐकण्याआधी आपण त्याच्या चेहऱ्याकडे बघून भाषा ठरवून मोकळे होतो.

आमच्या मजल्यावर एक तमिळ मामी राहतात. लग्न होऊन डोंबिवलीत आल्या तेव्हा त्यांना मराठीही येत नव्हतं आणि हिंदीही. आज बाजारात त्यांच्यासारखी घासाघीस आम्हाला जमत नाही. मी एकदा विचारलं, ‘मामी, तुम्ही शिकलात कशा?’ त्यांनी सांगितलं, चाळीत शेजारी एक म्हाताऱ्या आजी होत्या. बाकीच्या बायका मामींशी तोडकं-मोडकं हिंदी बोलायच्या. आजींना मराठीशिवाय काहीच येत नव्हतं. त्यामुळे त्या मराठीतच बोलत राहिल्या. वाटी दाखवायच्या आणि ‘वाटी’ म्हणायच्या. विळीवर नारळ खवता-खवता शब्द सांगायच्या. मामी चुकल्या, तर तेच वाक्य आजी पुन्हा नीट म्हणायच्या आणि पुढे जायच्या. ‘त्यांना हिंदी येत असतं, तर मला मराठी आलं नसतं,’ असं मामी हसत म्हणतात. भाषा शिकवणाऱ्या माणसाकडे फार विद्वत्ता लागत नाही, थांबायची तयारी लागते, हे त्या आजींकडून शिकावं.

मामींचा ‘ळ’ आपल्यापेक्षाही ठसठशीत आहे, कारण तमिळमध्ये ‘ळ’ आहेच. आणखी एक गंमत त्यांनीच मला दाखवली. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आम्ही जेवायला चाललो’ म्हणजे तू नाहीस. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हणजे तूसुद्धा. हिंदीतल्या ‘हम’मध्ये किंवा इंग्रजीतल्या ‘वुई’मध्ये हा फरक कळत नाही. तमिळमध्ये मात्र आहे, ‘नांगळ’ आणि ‘नाम’. मामी म्हणाल्या, ‘चाळीतल्या बायका आधी मला सांगायच्या, आम्ही हळदीकुंकवाला जातोय. दोन-तीन वर्षांनी म्हणायला लागल्या, आपण जाऊ या. मला फरक लगेच कळला.’ आपल्या जिभेवर रोज असलेल्या शब्दांचं वजन आपल्याला कळत नाही. बाहेरून येणाऱ्याला ते बरोब्बर कळतं.

तशी मराठीला बाहेरून आलेल्यांची सवय फार जुनी आहे. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी मूळचे गुजरातचे, भडोचच्या प्रधानाचे पुत्र, असं पंथाची परंपरा सांगते. ते महाराष्ट्रात आले आणि त्यांनी लोकांशी मराठीतच संवाद केला. त्यांच्या आठवणींचा तेराव्या शतकात म्हाइंभटांनी केलेला संग्रह, ‘लीळाचरित्र’, हा मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ मानतात. त्याच पंथातली एक आठवण आपल्यासाठी फार मोलाची आहे. एका विद्वान शिष्याला संस्कृतात ग्रंथ लिहायचा होता. नागदेवाचार्यांनी त्याला अडवलं. का? तर संस्कृत लिहिलंत, तर माझ्या साध्यासुध्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील! म्हणजे ग्रंथ मराठीत व्हावा, हा आग्रह बायकांसाठी धरला गेला होता. हे शाळेच्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापायला हवं.

पुढे इंग्लंडहून फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले. आले होते धर्मप्रसारासाठी, पण इथली भाषा त्यांनी मनापासून शिकून घेतली. सुमारे अकरा हजार ओव्यांचं त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. त्यात त्यांनी मराठीची जी थोरवी गायली आहे, ती आजही मराठी दिनाच्या कार्यक्रमात हमखास ऐकायला मिळते. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. १८५७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली आणि जुना शब्द अडला की अभ्यासक अजूनही तोच कोश उघडतात.

पण मला या साहेबांपेक्षा जवळची वाटते ती फलटणची मॅक्सीन मावशी. डॉ. मॅक्सीन बर्नसन मूळच्या अमेरिकन. १९६६ मध्ये त्या साताऱ्याकडच्या फलटणला आल्या, त्या भाषेच्या अभ्यासासाठी. अभ्यासाचा विषय काय होता माहितीये? फलटणमधले वेगवेगळ्या जातींचे, वेगवेगळ्या थरांतले लोक मराठी कसं बोलतात! म्हणजे पुस्तकातलं मराठी बाजूला ठेवून ही बाई गल्लीतलं, वस्तीतलं मराठी ऐकत फिरली. त्या तिथेच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या. जी मुलं शाळेत टिकत नव्हती, त्यांना वाचायला शिकवू लागल्या. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि तिच्या शाळेला नाव मिळालं कमला निंबकर यांचं. कमलाताईसुद्धा जन्माने अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरात आलेल्या. त्यांच्या सूनबाई, लेखिका जाई निंबकर यांच्याबरोबर मॅक्सीनबाईंनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठी शिकायची पुस्तकं लिहिली.

फलटणकरांनी या परदेशी बाईला ‘मॅडम’ म्हटलं नाही, ‘मावशी’ म्हटलं. ही प्रतिक्रिया मला सगळ्यात मराठी वाटते! टाळ्या पाहुणीला मिळतात. मावशी म्हटलं की बाई घरातली होते. मग तिने रागावलंही चालतं.

मॅक्सीनबाईंचा अभ्यासाचा विषय आपल्याला एक अवघड प्रश्न विचारतो. परदेशी मुलीच्या ‘मी आलो’वर आपण ‘किती गोड’ म्हणतो. मग कोल्हापूरकडच्या बाईच्या ‘मी आलो’वर आपण का हसतो? इंग्रज माणसाला ‘ण’ म्हणता आला नाही, तर आपण समजून घेतो. पण आपल्याच घरी कामाला येणाऱ्या बाईने ‘पानी’ आणि ‘लोनी’ म्हटलं की घरातलं लहान पोरसुद्धा नक्कल करतं आणि आपण त्याला गप्प करत नाही. ती काही भाषा चुकीची बोलत नाही. तिच्या आईने जशी शिकवली, तशी बोलते. तुमच्यापैकी किती जणी लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या असाल! वऱ्हाडातली मुलगी पुण्यात, मालवणची नाशिकला, खानदेशातली ठाण्यात. सासरी पहिल्या आठवड्यात तुमच्या कुठल्या शब्दावर सगळे हसले होते, ते आठवतंय ना? तो शब्द तुम्ही नंतर कधी उच्चारलात का? का फक्त माहेरी फोनवर बोलताना?

डोंबिवलीबद्दल बोलायचं, तर इथले ‘स्थानिक’ तरी कोण? ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या आसपासची मूळ वस्ती आगरी आणि कोळी बांधवांची. भातशेती, मिठागरं आणि मासेमारी ही त्यांची जुनी कामं. त्यांची आगरी बोली ही या मातीतली खरी जुनी मराठी. आम्ही सदाशिव पेठी वळणाचं मराठी घेऊन आलो ते नंतर, रेल्वेने. मुंबई ते ठाणे पहिली गाडी १८५३ मध्ये धावली, नंतर ती कल्याणकडे वाढली आणि मग कोकणातून, घाटावरून, देशभरातून माणसं इथे उतरत राहिली. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. साहित्य संमेलनं झाली ती ठाण्याला २०१० मध्ये आणि डोंबिवलीला २०१७ मध्ये. या सगळ्याचा आम्हाला अभिमान आहेच. पण ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणणारी आगरी आजी बसमध्ये शेजारी बसली की तिच्याशी बोलताना कपाळावर आठी येते, तेव्हा हा अभिमान कुठे जातो? तिच्या गावात उपरे तर आपण! आपलं शहरी मराठी ऐकून तिने कधी हसू केलं नाही.

परक्याने ऐकलं म्हणून आपलंच धन आपल्याला कळलं, असंही झालेलं आहे. फ्रान्सहून आलेले गी प्वातवाँ पुण्यात स्थायिक झाले आणि भारताचे नागरिक झाले. हेमा राईरकर यांच्याबरोबर त्यांनी मावळातल्या आणि इतर खेड्यांमधल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. किती? एक लाखाहून जास्त! पिठाच्या गिरण्या आल्या, जाती माळ्यावर गेली, तेव्हा त्या ओव्या आपल्या आयांबरोबर आणि आज्यांबरोबर संपल्या असत्या. प्वातवाँ २००४ मध्ये गेले. त्या ओव्या आज इंटरनेटवर, गाणाऱ्या बाईच्या नावासकट आणि गावासकट ऐकायला मिळतात. ज्या बाईच्या ‘अडाणी’ बोलण्याला घरात कोणी विचारत नव्हतं, तिच्यासमोर हे अभ्यासक वही घेऊन बसले.

आणि गेल ऑम्वेट. अमेरिकेतून संशोधनासाठी आल्या, महात्मा फुल्यांच्या चळवळीवर त्यांनी अभ्यास केला आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या पाटणकरांच्या घरात सून म्हणून आल्या. १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या. सासूबाई इंदुताई पाटणकर स्वातंत्र्यचळवळीत काम केलेल्या, खमक्या. गेलताई शेतमजूर बायकांच्या सभांना जायच्या, त्यांच्यात बसायच्या, मराठीत बोलायच्या. परित्यक्ता स्त्रियांच्या आणि दुष्काळी भागातल्या चळवळींत त्या होत्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कासेगावातच त्यांचं निधन झालं. त्यांच्या मराठीच्या उच्चारांत परकेपणा राहिला असेल, नसेल. पण ज्यांच्याशी त्या बोलायच्या, त्या बायकांनी उच्चार मोजले नाहीत. ही बाई आपल्याला काय विचारतेय, हे ऐकलं आणि आपलं म्हणणं तिला सांगितलं. भाषेचं काम याहून वेगळं काय असतं?

आता नाणं उलटून बघू. ठाण्यात ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ आहे, १८७९ मधलं. इथले बेने इस्राएली लोक पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी सुट्टी, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. घरात भाषा मराठीच. १९४८ मध्ये इस्राएल देश झाला आणि त्यातले पुष्कळ जण तिकडे गेले. आपल्या धर्माच्या देशात गेले, पण भाषेने मात्र परके ठरले! हिब्रू शिकताना ठाण्याच्या आणि अलिबागच्या बायकांनी काय-काय सोसलं असेल, याचा नुसता विचार करून बघा. तरी तिथेही त्यांनी मराठी जपलं, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. आपली मुलगी उद्या जर्मनीला किंवा जपानला गेली, तर तिथल्या दुकानदाराने तिचं अडखळतं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबावं, असं आपल्याला वाटतं ना? तीच अपेक्षा कोणाच्या तरी आईला डोंबिवलीकडून असते.

हे सगळं आत्ता लिहावंसं वाटलं, त्याला कारण आहे. गेल्या काही दिवसांत आपल्या भागात भाषेवरून वातावरण फार तापलं. डिसेंबर २०२४ मध्ये कल्याणच्या एका सोसायटीत मराठी कुटुंबाला मारहाण झाली आणि मराठी माणसाबद्दल अपशब्द वापरले गेले. सगळीकडे संताप उसळला आणि तो साहजिकच होता. मग २०२५ मध्ये मीरा रोडला मराठी बोलण्यावरून दुकानदाराला मारहाण झाली आणि दोन्ही बाजूंचे मोर्चे निघाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे पेढे वाटून होतात न होतात तोच हे! महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावं, बँकेत आणि कार्यालयात मराठी चालावं, हा आग्रह योग्यच आहे. ‘नहीं बोलूंगा, क्या करोगे?’ अशी मग्रुरी कोणी दाखवली, तर राग येणारच. पण थोबाडीत मारून कोणी भाषा शिकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. त्या माणसाला फार तर एक वाक्य पाठ होईल, भीतीपोटी. आणि जो आपणहून शिकायला निघाला आहे, त्याला आपण हिंदीत उत्तर देऊन परत पाठवतो. म्हणजे मागणी करायची आणि दारही लावून घ्यायचं!

मैत्रिणींनो, या बाबतीत आपल्या हातात पुष्कळ आहे. बाजार आपण करतो, पालकसभेला आपण जातो, कामवालीशी, वॉचमनशी, रिक्षावाल्याशी, नव्या शेजारणीशी पहिला शब्द बऱ्याचदा आपणच बोलतो. त्यासाठी वर्ग काढायला नकोत, की वर्गणी गोळा करायला नको.

समोरचा मराठीत बोलला, तर मराठीतच उत्तर द्यायचं. जरा सावकाश, छोट्या वाक्यांत. आवाज चढवायचा नाही. सावकाश बोलायला सांगितलं की आपण मोठ्याने बोलतो, जसं काही समोरच्याला ऐकूच येत नाही! चुकलं, तर प्रत्येक शब्दाला टोकायचं नाही. ती म्हणाली, ‘माझा मुलगी शाळेत गेला’, तर आपण म्हणायचं, ‘हो का? तुझी मुलगी शाळेत गेली? कितवीत आहे?’ बरोबर वाक्य तिच्या कानावर पडलं, पुरे झालं. अगदीच अडलं, तर विचारायचं, ‘हिंदीत सांगू का?’ ठरवू दे तिला. दवाखान्यात, औषधाच्या दुकानात, पोलिस चौकीत मात्र हा हट्ट नको. तिथे जी भाषा लवकर कळेल, तीच बरी. आणि हसू आलंच, तर तिच्याबरोबर हसा, तिच्या पाठीमागे नको. मुलांच्या देखत कोणाच्या बोलण्याची नक्कल करू नका, मग ती नेपाळी बाई असो की आपलीच मालवणी नाही तर अहिराणी बोलणारी जाऊ.

आमच्या वॉचमनच्या बायकोला मी सांगितलं, ‘पुढच्या सभेला आपण दोघी जाऊ.’ गेलो. तिने बाईंना मराठीत विचारलं, ‘माझी मुलगी वर्गात बोलते का?’ बाईंनी सवयीने हिंदीत सुरुवात केली, ‘हां, आपकी बेटी…’ तेव्हा मी एवढंच म्हटलं, ‘बाई, तिला मराठी कळतं.’ बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं आणि मराठीत सांगितलं की मुलगी हुशार आहे, पण फार हळू बोलते. घरी मोठ्याने वाचून घ्या. परत येताना ती रस्ताभर ‘मोठ्याने, मोठ्याने’ असं घोकत होती. हल्ली संध्याकाळी तिच्या खोलीतून दोघींचे आवाज ऐकू येतात, धडा वाचतानाचे. एक अडखळला की दुसरा सांगतो.

उद्या सकाळी बाजारात जाल, तेव्हा भाजीवाल्याने ‘ताई, काय देऊ?’ विचारलं, तर म्हणा, ‘दादा, अर्धा किलो भेंडी द्या, कोवळी बघून.’ ‘भैया’ नको, ‘दादा’. कोवळी म्हणजे काय, ते त्याला कळलं नाही, तर एक भेंडी टोकाशी मोडून दाखवा. पुढच्या वेळी तोच तुम्हाला सांगेल, ‘ताई, आज कोवळी नाही, उद्या घ्या.’